ओळखीचं पाणी

पाणी बिघडलं की गिरीशच्या मापकाच्या आधी ते शुभांगीच्या कातडीला कळायचं. दोन पायऱ्या उतरून ती थांबायची आणि म्हणायची, "आज चावतंय रे." मग गिरीश पाथरीकर, संभाजीनगरमधला बरं नाव कमावलेला आर्किटेक्ट, काठावर उकिडवा बसून पाण्याचा नमुना काढायचा, रंग बघायचा, मान हलवायचा आणि कोठीतून रसायनांचे डबे आणायला जायचा.

दौलताबादच्या रस्त्यावरच्या त्या बंगल्यात त्याने पोहण्याचा तलाव बांधला होता तो मुलीसाठी, ओवीसाठी. ती शिकून, लग्न होऊन नांदेडला गेली आणि तलाव शुभांगीच्या वाट्याला आला, तोही हौस म्हणून नव्हे. पंचेचाळिशीनंतर तिची प्रतिकारशक्ती तिच्याच कातडीवर उलटली होती. तळवे, कोपर, पाठ, सगळीकडे भेगा. साडीचा काठ लागला तरी रक्त यायचं. शाळेत भूगोल शिकवायची, ती नोकरी सुटली. कुणी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तरी ती अंग आकसून घ्यायची आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. कोमट पाण्यात तेवढं बरं वाटायचं, पण ते पाणी नीट असलं तरच.

आणि पाणी नीट ठेवणं सोपं नव्हतं. बोअरचं पाणी जड, चुन्याने भरलेलं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या जरासा वर राहावा लागतो. खाली घसरला तर पाणी आंबट होतं, डोळे झोंबतात, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट विरघळतं. वर गेला तर क्लोरीन निकामी होतं आणि भिंतींवर चुना धरतो. तो जागेवर राहावा म्हणून पाण्यात पुरेशी क्षारता लागते. गिरीश ओवीला लहानपणी समजावायचा की क्षारता म्हणजे स्कूटरचं शॉकअप. खड्डा आला तरी बसणाऱ्याला हिसका बसत नाही. आणि हे सगळं जमवलं तरी क्लोरीन होतंच. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो, तो खरं तर क्लोरीन आणि माणसाचा घाम यांच्या भांडणाचा वास. त्या भांडणातून जे तयार होतं तेच शुभांगीला चावायचं.

पाणी बदलायची सोयही राहिली नव्हती. लागोपाठच्या कोरड्या वर्षांनंतर सरकारने कायदा केला होता: खाजगी तलाव नव्याने भरायचा नाही, आहे ते पाणी सोडायचं नाही, उडून जाईल तेवढंच पावसाचं साठवलेलं पाणी घालायचं. आसपासच्या बंगल्यांतले तलाव बुजवून लोकांनी तिथे हिरवळी केल्या. पाथरीकरांचा तेवढा राहिला.

अशा वेळी डॉ. नसरीन पटेल त्यांच्या घरी आल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधक, बोलायला मोकळ्या. त्यांच्या लहानशा कंपनीने 'सजीव पाणी' तयार केलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी ते साध्या शब्दांत सांगितलं.

"तुम्ही पाण्यातले सगळे जिवाणू मारता. आम्ही आमचे जिवाणू पाळतो. ते टाइल्सवर बुळबुळीत थर धरतात, शेवाळासारखा, पण दिसत नाही इतका पातळ. माणसाच्या अंगातून पाण्यात जे जे येतं, घाम, तेल, युरिया, ते त्यांचं खाणं. सामू खाली गेला की ते कार्बोनेट सोडतात, वर गेला की आम्ल. बाहेरचे जंतू आले तर त्यांना मारणारी प्रथिनं स्वतःच बनवतात. एकमेकांना रासायनिक निरोप देतात आणि पुरेशी संख्या झाली की सगळे मिळून एकदम कामाला लागतात."

"म्हणजे मी काय करायचं?" गिरीशने विचारलं.

"काही नाही. मापक तेवढा बघत राहा."

हे ऐकून शुभांगी किती तरी दिवसांनी खळखळून हसली. "आता या माणसाचं कसं व्हायचं?"

पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी असं झालं की तळाच्या टाइलवरचा तडा वरून मोजता यावा. वास नाही, चव नाही. शुभांगी त्यात रोज तासन्‌तास पडून राहायची. आधी पाठीच्या भेगा मिटल्या, मग कोपराच्या. ते जिवाणू तिच्या कातडीवरही वस्तीला आले होते आणि तिच्या भडकलेल्या प्रतिकारशक्तीला थोपवून धरत होते. हे डॉ. पटेलांनाही अपेक्षित नव्हतं. त्यांनी ते आनंदाने लिहून घेतलं.

दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसली असताना शुभांगीने आपला तळवा गिरीशसमोर धरला. "बघ."

त्याने तो बोटाने चाचपला. लहान मुलासारखी कातडी. त्याने हात धरून ठेवला. तिने काढून घेतला नाही. दोघं तशीच बसून राहिली, आणि चकलीचा घास घ्यायला त्याला डावा हात वापरावा लागला.

ते वर्ष त्यांचं होतं. ती लग्नांना गेली, मैत्रिणींच्या गळ्यात पडली, बाजारात गर्दीत घुसून भाजी घेतली. गिरीश तिच्या केसांना तेल लावून द्यायचा. साठीकडे झुकलेली ती दोघं शेजाऱ्यांच्या नजरेत भरतील इतकी एकमेकांच्या जवळ बसायची.

मग एकदा उन्हाळ्यात गिरीश हौसेने तिच्याबरोबर पाण्यात उतरला. त्याआधीही उतरला होता, कधी काही झालं नव्हतं. या वेळी तो पोहत टोकापर्यंत जाऊन वळला, तर त्याच्या मागे पाणी दुधाळ झालेलं. मापक किंचाळायला लागला. सामू घसरत होता. शुभांगी घाईने बाहेर आली, तेव्हा तिच्या पाठीवर लाल रेघ उमटली होती.

डॉ. पटेलांनी नमुने नेले आणि दोन आठवड्यांनी स्वतः आल्या.

"पाण्याला बाईंची ओळख झालीय," त्या म्हणाल्या. "रोज एकाच माणसाचा घाम, एकाच माणसाचं तेल. जिवाणूंनी आपला सगळा तोल तेवढ्यावर बेतलाय. आता दुसरं कुणी आत आलं की ते त्याला घाण समजतात. आणि हेच जिवाणू बाईंच्या कातडीवर आहेत."

गिरीशला कळायला वेळ लागला. "म्हणजे पाण्याबाहेरसुद्धा?"

"तुमच्या हातावर तुमचे जिवाणू असतात. प्रत्येकाच्या हातावर असतात. तुम्ही बाईंना हात लावलात की तिथे लढाई होणार. आणि रणांगण बाईंची कातडी."

"क्लोरीन टाकलं तर?"

"पाण्यातले मरतील. मग अंगावरचेही हळूहळू मरतील आणि जुना आजार परत येईल. पूर्वीपेक्षा जास्त जोमाने, असं मला वाटतं."

शुभांगीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला क्लोरीन नको." ती गिरीशकडे बघत नव्हती.

तेव्हापासून बाई धडधाकट, गोरीपान, तजेलदार. आणि घरात तिच्याभोवती हातभर अंतर ठेवून सगळे वावरायचे. गिरीशची खाट दुसऱ्या खोलीत गेली. तिला हात लावता येत नाही म्हणून तो पाण्याची काळजी घ्यायचा. पडलेली पानं लांब दांड्याच्या जाळीने काढायचा, उडालेल्या पाण्याच्या जागी पावसाचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचा, मापकावरचा आकडा पुन्हापुन्हा बघायचा. आकडा स्थिर असला की ती ठीक आहे असं समजायचं. नवरा म्हणून त्याला करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

ओवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईला लांबूनच भेटली. दोघी ओसरीच्या दोन टोकांना बसून गप्पा मारायच्या. डिंकाचे लाडू शुभांगीने केले, पण ओवीच्या हातात द्यायला ते ताटलीत ठेवून सरकवावे लागले. शस्त्रक्रिया करून मुलगी झाली, घरी आली, बारसं झालं. नाव अन्वी. शुभांगीने पाळण्याची दोरी ओढली, दुरून.

एका दुपारी ओवी दुसरं दुपटं घ्यायला आत गेली. अन्वी पलंगाच्या काठाशी, आणि कशी कोण जाणे, दुपट्यासकट घसरायला लागली. शुभांगी दारात होती. तिने झडप घातली आणि मूल छातीशी धरलं.

ओवी किंचाळली. गिरीश धावत आला. शुभांगी पोरीला घट्ट धरून उभी होती आणि आपल्याच हातांकडे बघत होती, आता फाटतील, मग फाटतील म्हणून.

काही झालं नाही.

"आई, ठेव तिला खाली," ओवी म्हणाली.

"थांब गं." शुभांगीने बाळाचा गाल आपल्या गालाला लावला. "थांब. जळत नाहीये." ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा ओवीपण रडली, आणि गिरीश तोंड फिरवून खिडकीपाशी उभा राहिला.

संध्याकाळी त्याने डॉ. पटेलांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला हे कळत नाहीये. मी नमुना तपासेपर्यंत बाईंना बाळापासून लांब ठेवा." गिरीशने निरोप आत जाऊन सांगितला. शुभांगीच्या मांडीवर अन्वी झोपली होती.

"बरं," शुभांगी म्हणाली. "उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी तिने नातीला तेल लावलं आणि पाटावर पाय पसरून न्हाऊ घातलं. गिरीशने तिला अडवलं नाही. तिच्या अंगाचा नमुना तपासून आला, त्यात वाईट काही निघालं नाही, आणि मग विषयच संपला. पोरीच्या अंगाचा नमुना घ्यावा हे कुणाला सुचलं नाही, अगदी डॉ. पटेलांनासुद्धा. ओवीचं माहेरपण संपेपर्यंत अन्वी आजीच्याच अंगाखांद्यावर होती.

नांदेडला गेल्यावर महिन्याभरात फोन आला. अन्वीच्या मानेवर चट्टे आले होते. मग काखेत, मग मांड्यांवर. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने असेल. मलमं झाली, औषधं झाली. एका दवाखान्यात जंतुनाशकाने अंग पुसलं, तर कातडी कागदासारखी सोलून आली. पोर रडून रडून आवाज बसलेली. ओवी आणि तिचा नवरा मिहीर गाडी काढून तिला घेऊन थेट इकडेच आले.

शुभांगी तेव्हा तलावात होती. ओवीने चपलाही काढल्या नाहीत, पायरीवर गुडघ्यावर बसली आणि पोरीला पाण्यात धरलं. रडणं थांबलं. इतकं अचानक थांबलं की मिहीरने घाबरून पुढे होऊन बघितलं. अन्वी डोळे उघडून आभाळाकडे बघत होती.

डॉ. पटेल दुसऱ्या दिवशी आल्या.

"तान्ह्या मुलाच्या अंगावर स्वतःची जिवाणूंची वस्ती नसते. ती आईकडून, घरातून, हळूहळू येते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत तर सुरुवातीला जवळजवळ कोरी पाटी. म्हणून बाईंना पोरीचा त्रास झाला नाही. लढायला तिथे कुणी नव्हतंच. आपली वस्ती सरळ तिच्या अंगावर जाऊन बसली. पोरीची कातडी आता त्यांच्यावरच वाढतेय. आणि त्यांना हे पाणी लागतं."

"किती दिवस लागणार?" मिहीरने विचारलं.

डॉ. पटेल नमुन्यांच्या बाटल्या पिशवीत भरायला लागल्या.

"मॅडम, मी विचारतोय, किती दिवस?"

"मला माहीत नाही. कदाचित कायमच."

मिहीर उठून अंगणात गेला, परत आला. त्याला शुभांगीवर ओरडायचं होतं. ती ओसरीच्या कोपऱ्यात ज्या चेहऱ्याने उभी होती तो बघून त्याला ते जमलं नाही. तो गिरीशला म्हणाला, "बाबा, आमची पोर तुमच्या घराला बांधली गेली." एवढंच.

मार्ग शोधायचे तेवढे शोधून झाले. नांदेडला टबात हे पाणी नेऊन बघितलं. थोड्या पाण्याचा तोल लवकर जातो, पोरीला दोनदा बुडवलं की सामू वरखाली होऊन जिवाणू मरायचे. दुसरा तलाव भरायला कायदा आडवा. कंपनीकडे आणखी काही घरांतून अशाच तक्रारी आल्या आणि सरकारने तिचा परवाना थांबवला, नवीन वस्ती तयार करायलाच मनाई झाली. डॉ. पटेल येत राहिल्या, नमुने नेत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेवटी मिहीर नांदेडला नोकरीवर परतला आणि ओवी पोरीला घेऊन माहेरीच राहिली.

आता पाण्यात दोघी असायच्या. आजी आणि जाळीच्या तरंगत्या पाळण्यात नात. पाण्याने दोघींना आपलं मानलं होतं. शुभांगी तिला पाण्यातल्या पाण्यात गरगर फिरवायची, बडबडगीतं म्हणायची. बघणाऱ्याला वाटावं, काय सुखी घर आहे.

थंडीच्या सुरुवातीला गिरीशच्या लक्षात आलं की सकाळी आकडा हलतो. थोडासाच, पण हलतो. त्याने यंत्र तपासलं, पावसाचं पाणी तपासलं. दोष सापडेना. मग एका सकाळी तो मुद्दाम मापकापाशी उभा राहिला. अन्वीला पाण्यात सोडलं, आकडा स्थिर. शुभांगी उतरली, आकडा घसरला.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती मानेपर्यंत पाण्यात होती.

"शुभा, वर ये."

"येते नंतर."

"आत्ता ये."

ती वर आली. तिच्या दंडावर, पाठीवर बारीक तांबड्या भेगा होत्या. आठवडाभराच्या तरी असाव्यात.

"चावतंय?" त्याने विचारलं.

"बऱ्याच दिवसांपासून." तिने टॉवेल ओढून घेतला. "पोर वाढतेय. तिची कातडी रोज नवी होतेय, तिच्याकडून त्यांना खायला जास्त मिळतं. ते तिच्याकडे वळलेत. एवढं तर मलाही कळतं."

"आपण पटेलबाईंना विचारू. काही तरी—"

"काय विचारणार? मी उतरले की तिचं पाणी बिघडतं. तू बघितलंस ना आत्ता?"

गिरीशने आकड्याकडे बघितलं. ती बाहेर आल्यावर तो पुन्हा जागेवर आला होता. आयुष्यभर त्याने घरं बांधली होती. भिंत खचली तर टेकू कुठे द्यायचा हे तो झोपेतही सांगू शकला असता. इथे टेकू द्यायला जागाच नव्हती.

"मी उद्यापासून उतरणार नाही," शुभांगी म्हणाली. "ओवीला सांगू नकोस इतक्यात."

ओवीला सांगावं लागलं नाही. दोन-तीन महिन्यांत आजार जुन्या वाटेने परत आला, डॉ. पटेल म्हणाल्या होत्या तसा, जास्त जोमाने. शुभांगीच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रात्रीची झोप गेली. जुन्या मऊ साडीचे तुकडे अंगाला गुंडाळून ती तलावाच्या काठाशी खुर्चीत बसायची आणि तिथूनच नातीला गाणी म्हणायची. अन्वी तिच्याकडे हात पसरायची. शुभांगी मान हलवून नाही म्हणायची. आता तीही पाण्याच्या लेखी परकी होती.

ओवी मात्र पोरीला सोडत नव्हती. पाण्याबाहेर काढली की उराशीच धरायची. पूर्ण ओळख पटायला, दुसऱ्यांना झिडकारायला जिवाणूंना काही महिने लागतात. शुभांगीच्या बाबतीत वर्ष लागलं होतं. डॉ. पटेलांनी ओवीला हे सांगितलं होतं, कारण लपवणं त्यांना बरं वाटलं नाही. ते ऐकल्यापासून ओवी जेवायचीही पोरीला मांडीवर घेऊनच. पोर झोपली तरी तिला खाली ठेवत नसे.

अन्वी धरून उभी राहायला लागली होती, दोन दात आले होते. एका सकाळी ओवीने तिला उचलून गालाचा पापा घेतला, नेहमीसारखा, आणि तरंगत्या पाळण्यात बसवायला वाकली. तेव्हा तिला ते दिसलं. गालावर ओठांच्या आकाराचा लाल डाग वर येत होता. अन्वीने गालाला हात लावला आणि ओठ काढून आईकडे बघितलं.

ओवीने तिला पाळण्यात बसवलं. पाळणा पाण्यात सरकला. पोर लगेच शांत झाली, हाताने पाणी उडवायला लागली, गालावरचा डाग फिका होत गेला. ओवी सरळ उभी राहिली आणि आपले हात अंगापासून लांब धरून तशीच राहिली, ते कुठे ठेवायचे हे न कळल्यासारखी.

गिरीश मापकापाशी होता. त्याने सगळं बघितलं.

शुभांगी खुर्चीतून उठली. उठताना टाचेची भेग उकलली, फरशीवर रक्ताचा ठिपका पडला. ती चालत मुलीपाशी गेली आणि तिने ओवीला जवळ ओढलं.

"आई, नको," ओवी म्हणाली. "तुला दुखेल."

"दुखू दे."

ओवीने आधी हात वरच धरले. मग तिने आईच्या पाठीला मिठी घातली, जोरात, लहानपणी घालायची तशी. शुभांगीच्या तोंडून कण्हणं निघालं, पण ती मागे सरली नाही. गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडावर मुलीच्या बोटांखाली तांबडे ठिपके उमटायला लागले.

मागे पाण्यात अन्वी हसत होती. पाणी नितळ होतं, आकडा जागेवर होता, आणि गिरीश त्या आकड्याकडे बघत उभा होता.